कवड्या कुणाच्या हातात?

(‘धर्म, श्रद्धा आणि आपण’ या विषयावरील दोन दिवसांच्या अभ्यास-शिबिरात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)

काल संध्याकाळच्या गटचर्चेत सरळसरळ दोन तट पडले. अंगात येणाऱ्या बाईविषयी आपण काय म्हणायचं, हा प्रश्न होता. एक तट म्हणाला, ही अंधश्रद्धा आहे आणि तिच्यामुळे बाई आणखी खोल रुतते. दुसरा म्हणाला, ज्या घरात तिला एरवी कुत्रं विचारत नाही, तिथं तेवढा एक तास नवरा आणि सासरा तिच्या पाया पडतात. तो तास काढून घेणाऱ्या आपण कोण? भांडण मिटलं नाही. माझ्या बोलण्यानंही ते मिटणार नाही, हे आधीच सांगते.

मी बोलणार आहे ती गोष्ट क्यूबातली आहे. तिथं एक धर्म असा आहे की त्यात बाईला देव तासापुरता भेटत नाही. देवाचं अख्खं घर ती चालवते, दीक्षा देते, कौल लावते, पुरुष तिच्यापुढे लोटांगण घालतात. आणि तरीही काही दारं तिला बंद आहेत. ती दारं मुळापासून बंद होती असं नव्हे. त्यांतली काही कुणाच्या काळात बंद झाली, हे बऱ्यापैकी ठाऊक आहे. मला रस आहे तो त्यात.

धर्माचं नाव सांतेरिया. ‘सांतो’ म्हणजे संत. हे काळे लोक येशूला बाजूला सारून संतांच्याच नादी लागतात, असं हिणवून गोऱ्यांनी ठेवलेलं हे नाव. आतली माणसं ‘लुकुमी’ म्हणतात, किंवा ‘रेग्ला दे ओचा’, म्हणजे ओरिशांचा मार्ग. ओरिशा म्हणजे त्यांचे देव.

इतिहास थोडक्यात सांगते, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. क्यूबा म्हणजे ऊस. या उसासाठी सात लाखांहून अधिक आफ्रिकी माणसं गुलाम करून त्या बेटावर आणली गेली, त्यातली बहुसंख्य एकोणिसाव्या शतकात. आजच्या नैऋत्य नायजेरियात योरुबा लोकांचं ओयो नावाचं मोठं राज्य होतं. ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोसळलं आणि लढायांत पकडलेली हजारो माणसं किनाऱ्यावर विकली गेली. क्यूबात गुलामगिरी कायद्यानं संपली ती १८८६ साली. म्हणजे ही फार जुनी गोष्ट नाही. आपल्याकडे जोतीराव आणि सावित्रीबाई हयात होते.

इथं एक धागा आपल्या समुद्रापर्यंत येतो. पश्चिम आफ्रिकेत चलन होतं कवडीचं. आणि त्या कवड्या यायच्या मालदीवहून. श्रीलंकेच्या आणि बंगालच्या बंदरांतून डच आणि इंग्रज कंपन्या त्या युरोपात न्यायच्या आणि तिथून पोती भरभरून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. त्या मोजून माणसं विकत घेतली जायची. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात आपण जी कवडी पाहतो, तिच्याच जातकुळीतली. आणि ज्या कवडीच्या मोलानं ही माणसं विकली गेली, तीच कवडी त्यांच्या नातवंडांच्या घरी देवाचं तोंड झाली. ते कसं, ते पुढे सांगते.

चर्चनं आणि सरकारनं या लोकांना त्यांच्या त्यांच्या वंशाप्रमाणे मंडळं करू दिली होती. त्यांना ‘काबिल्दो’ म्हणत. आजारपणात मदत, मयताचा खर्च, सणाला मिरवणूक, कधी वर्गणी काढून एखाद्याला गुलामीतून सोडवणं, असं त्यांचं काम चाले. आपल्या भिशीमंडळासारखं काहीसं. त्या मंडळांत दर्शनी भागात एखाद्या ख्रिस्ती संताची मूर्ती असायची आणि आत ढोल वाजायचे ओरिशांचे.

आता देवांविषयी. सर्वांच्या वर ओलोदुमारे. पण तो दूर आहे, त्याची रोजची पूजा नाही. रोजचा व्यवहार ओरिशांशी. समुद्राची आणि आईपणाची येमाया. गोड्या पाण्याची, प्रेमाची, पैशाची ओशून. विजेचा आणि ढोलाचा शांगो. वादळाची आणि स्मशानाच्या दाराची ओया. लोखंडाचा ओगून. वाटा उघडणारा आणि अडवणारा एलेग्वा. त्याला आधी दिल्याशिवाय कुठलंच कार्य सुरू होत नाही. पांढऱ्या वस्त्रांचा ओबाताला. रोगराईचा बाबालू आये. या सर्वांतून, झाडपाल्यातून, दगडातून, माणसाच्या शब्दातूनही वाहते ती शक्ती म्हणजे ‘आशे’.

प्रत्येकाला एक ख्रिस्ती जोडीदार आहे. येमाया म्हणजे हवानाच्या बंदरापलीकडच्या रेग्ला गावची मेरीमाता. ओशून म्हणजे कोब्रेची मेरीमाता, जी साऱ्या क्यूबाची कुलदेवताच म्हणा. बाबालू आये म्हणजे संत लाझारो. १७ डिसेंबरला त्याच्या देवळाकडे लोक गुडघ्यांवर सरपटत जातात. आणि शांगो, हा मिशीवाला, बायकांच्या मागे लागणारा, लढाऊ देव म्हणजे कोण? संत बार्बरा. मुकुट आणि तलवार धारण करणारी कुमारिका! त्यांच्यात एक कथा सांगतात, शत्रूंनी वेढलं तेव्हा शांगो ओयाची साडी... म्हणजे तिचा झगा नेसून आणि तिच्या वेण्या लावून निसटला. ओयानंच त्याला सजवलं, आणि मग स्वतः त्याच्या बरोबरीनं लढायला उतरली.

हे सगळं केवळ मुखवट्यासाठी होतं, गोऱ्या मालकाला फसवायला, असं पुष्कळदा लिहिलं जातं. ते अर्धंच खरं असावं. आजही दीक्षा घेणारी बहुतेक माणसं बाप्तिस्मा झालेली असतात आणि त्यांना त्यात विसंगत काही वाटत नाही.

आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं पुढेच आहे. प्रत्येक माणसाच्या डोक्याचा मालक एक ओरिशा असतो, आणि त्याचं लिंग माणसाच्या लिंगाशी जुळावं लागत नाही. मिशीवाला ट्रकड्रायव्हर ओशूनचं लेकरू असू शकतो. एखादी नाजूक बाई ओगूनची. देव अंगात येतो तेव्हा बाईच्या अंगात शांगो येतो आणि ती शांगोसारखीच छाती काढून नाचते. ज्याच्या अंगात देव येतो त्याला ‘घोडा’ म्हणतात, देव त्यावर स्वार होतो म्हणून. आपल्याकडे ‘झाड’ म्हणतात तसं. पण मैत्रिणींनो, साम्य दिसलं की लगेच गाठ मारू नका. आपल्याकडे झाडाला बहुधा भगत लागतो, आणि तो पुरुष. तिथं घोडा ज्या घरात नाचतो ते घरच पुष्कळदा बाईचं असतं.

कारण या धर्माला देऊळ नाही. घर हेच देऊळ, ‘इले’. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये मी एका क्यूबन बाईंकडे जायची, तेव्हा पहिल्यांदा ते पाहिलं. दोन खोल्यांचं घर. भिंतीशी काचेचं कपाट, आणि त्यात झाकणाची चिनी मातीची सुंदर भांडी, जेवणाच्या टेबलावर रस्सा वाढायला ठेवतात तशी. एक निळं-पांढरं, एक पिवळं, एक शुभ्र. मला वाटलं, बाईंना क्रोकरीचा शौक दिसतो. ते त्यांचे देव होते. प्रत्येक भांड्यात त्या त्या ओरिशाचे दगड आणि कवड्या. शेजारी टीव्हीवर मालिका चालू.

या देवांना जेवू घालायचं असतं. शांगोला मक्याच्या पिठाबरोबर भेंडी. ओबातालाच्या पानात मीठ नाही. ओशूनला मध, पण देणाऱ्यानं आधी स्वतः चाखून दाखवायचा, कारण कधी काळी तिला मधातून विष घालायचा डाव झाला होता. मोठ्या कार्याला कोंबडं-बोकड. त्याचं मांस शिजवून सारे जेवतात. फक्त पीडा उतरवण्यासाठी मारलेलं जनावर खात नाहीत. अमेरिकेत मायामीजवळच्या हायालीया शहरानं १९८७ साली खास या लोकांसाठी बळीबंदीचे नियम केले. खाटिकखाने, शिकार सगळं तसंच चालू, फक्त यांचा बळी गुन्हा! १९९३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं ते नियम रद्द केले. मला स्वतःला बळी रुचत नाही. पण ज्यांच्या पानात रोज कोंबडी असते त्यांनी गरिबाच्या देवाला हिंसक म्हणावं, हेही रुचत नाही.

क्यूबात तर याहून वाईट झालं. १९०४ साली सोइला नावाच्या एका लहान गोऱ्या मुलीचा खून झाला. काळ्या जादूटोणेवाल्यांनी रक्तासाठी मारली असं वर्तमानपत्रांनी उठवलं, दोघांना देहदंड झाला, आणि पुढे कित्येक वर्षं कुठं मूल हरवलं की पोलीस याच लोकांच्या घरांत शिरायचे. भांडी, ढोल, माळा जप्त व्हायच्या. अशा काळात देव स्वयंपाकघरातल्या भांड्यांत राहतात ते उगीच नव्हे.

आता दीक्षा. नवदीक्षिताला, मग तो पुरुष असो वा बाई, म्हणतात ‘इयावो’. योरुबा भाषेत या शब्दाचा अर्थ नवरी, घरात नव्यानं आलेली सून. डोकं भादरतात, त्यावर देवाची स्थापना करतात. आठवडाभर कोपऱ्यात चटईवर बसून राहायचं. मग वर्षभर नखशिखांत पांढरे कपडे. पहिले काही महिने आरसा पाहायचा नाही, जमिनीवर बसून आपल्याच ताटात चमच्यानं जेवायचं. रात्री बाहेर राहायचं नाही, कुणाच्या हातात हात द्यायचा नाही. ऐकताना आपल्याला ओळखीचं वाटतं ना? नव्या सुनेचीच गत. फरक एवढा की इथं साठ वर्षांचा गृहस्थही वर्षभर सून होतो. आणि दीक्षा देणारी बाई त्याची ‘माद्रिना’, धर्माची आई. तिची शिकवण, तिचा शब्द, तिचा राग, सगळं आईचं.

मोठेपणा वयावरून ठरत नाही, पैशावरून तर नाहीच. दीक्षेच्या तारखेवरून ठरतो. दहाव्या वर्षी दीक्षा झालेल्या तिशीतल्या मुलीपुढे काल दीक्षा घेतलेला म्हातारा लोटांगण घालतो. लोटांगणाचे प्रकार दोन, एक पालथं सरळ आणि एक कुशीवर, कोपरावर टेकून. तुम्ही म्हणाल एक बाप्यांचं, एक बायांचं. नाही. ज्याच्या डोक्याचा ओरिशा पुरुष त्यानं सरळ, ज्याची देवता स्त्री त्यानं कुशीवर. येमायाचा भक्त पुरुष बाईसारखं लोटांगण घालतो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. ओचाच्या घरांत समलिंगी पुरुषांना पूर्वीपासून जागा मिळाली, तिचं एक कारण हे असावं.

इतकं सगळं असून दारं बंद कोणती? मुख्य तीन. इफा, सुरी आणि ढोल.

इफा हा कौलाचा सर्वांत वरचा प्रकार. तो लावणारा बाबालावो, म्हणजे ‘गुपितांचा बाप’. क्यूबाच्या परंपरेप्रमाणे तो पुरुषच हवा, आणि समलिंगी नको. चार पायांच्या जनावरावर सुरी चालवणं बहुतेक घरांत पुरुषाकडे. आणि ‘बाता’ नावाचे तीन ढोल. दीक्षा दिलेले, आत देव बसवलेले हे ढोल बाईनं वाजवायचे नाहीतच, शिवायचेही नाहीत. या तिघांतला सर्वांत मोठा, बाकीच्यांना चाल देणारा ढोल असतो, त्याचं नाव ‘इया’. इया म्हणजे आई.

बाईच्या हाती राहिला कवड्यांचा कौल. पाठ फोडलेल्या सोळा कवड्या चटईवर टाकायच्या, तोंड वर करून किती पडल्या ते मोजायचं. तेवढी तोंडं बोलली. प्रत्येक आकड्यामागे कथा, म्हणी, उपाय, सगळं तोंडपाठ. पण एकापासून बारापर्यंतच तिनं वाचायचं. तेरा ते सोळा पडले तर बाबालावोकडे पाठवायचं. का? यावर कथा आहे. येमाया ओरूलाची, म्हणजे इफाच्या देवाची, बायको. तो परगावी गेला असताना लोक कौल मागायला दारी आले. नवऱ्याचं ऐकून ऐकून तिला सगळं येत होतं. तिनं कौल दिले, ते खरे ठरले, दारात रांगा लागल्या. नवरा परतला, रांग पाहिली, आणि भडकला. वाद वर देवाकडे गेला. निकाल असा लागला की कवड्या तिच्या, पण बारापर्यंतच, आणि त्यावरचं सारं त्याचं.

मला ही कथा फार प्रामाणिक वाटते. तिला येत नव्हतं, असं कथा म्हणत नाही. तिला येत होतं, लोकांचा विश्वास होता, म्हणूनच वाटणी करावी लागली. ज्या घरांत बाबालावोला बोलावत नाहीत, तिथं मात्र पुढचेही आकडे घरातच वाचतात. म्हणजे देवाचा निकालसुद्धा सगळ्यांनी मानलाय असं नाही.

दुसरी गोष्ट कथेतली नाही, इतिहासातली आहे. दीक्षाविधीचा सूत्रधार असतो त्याला ‘ओरियाते’ म्हणतात. डोकं भादरणं, गाणी, कवड्यांचं वाचन, सगळं त्याच्या हुकमानं. आज तो जवळजवळ नेहमी पुरुष असतो, आणि हे असंच चालत आलंय असं सांगणारे भेटतात. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हवाना आणि मातान्सास इथं हे काम करणाऱ्या मोठ्या व्यक्ती बायका होत्या. एफुचे, लातुआन, ओबा तेरो. तिघी आफ्रिकेत जन्मलेल्या. आजची दीक्षापद्धती घडवण्याचं श्रेय परंपरा एफुचेला देते. लातुआन आणि ओबा तेरो यांचं पटलं नाही, आणि ओबा तेरो हवाना सोडून मातान्सासला गेली, तिथं तिची वेगळी शाखा झाली. (संघटनेत फूट पडणं हे काही आपलंच वैशिष्ट्य नाही!) या लातुआननं विसाव्या शतकाच्या आरंभी एका पुरुषाला शिकवून तयार केलं, ओबादिमेजी हे त्याचं धर्मातलं नाव. तो फार गुणी निघाला. त्यानं पुढे पुरुषांना शिकवलं, त्यांनी पुरुषांना. दोन-तीन पिढ्यांत बाईचं काम पुरुषाचं झालं, आणि मग ते ‘पहिल्यापासूनच’ पुरुषाचं झालं. कुणी बंदी घातली नाही, ठराव केला नाही. आपल्याकडे सुईणीचं काय झालं ते आठवा.

आणि बाया गेल्या कुठं? बऱ्याचशा स्वयंपाकघरात. कार्य असलं की पहाटेपर्यंत कोंबड्यांची पिसं काढणं, आतडी धुणं, प्रत्येक देवाचा वाटा वेगळा शिजवणं. शिकागोतल्या एका लुकुमी घरात राबून एलिझाबेथ पेरेस या संशोधिकेनं २०१६ साली त्या स्वयंपाकघरावरच पुस्तक लिहिलं. तिचं म्हणणं, माणूस या धर्मात मुरतो तो तिथंच, पिसं काढता काढता ऐकलेल्या गोष्टींतून. मला पटतं. पण तिथं बसणाऱ्या बाईची कंबर दुखते, हेही त्यासोबत मांडायला हवं.

दीक्षेचा खर्चही सांगायला हवा. कपडे, जनावरं, भांडी, प्रत्येक हाताची दक्षिणा. क्यूबात १९९१ पर्यंत धर्म मानणाऱ्याला कम्युनिस्ट पक्षाचं सभासद होता येत नव्हतं. नंतर मोकळीक आली, पण त्याच सुमारास सोव्हिएत मदत संपून उपासमारीचे दिवस आले. मग डॉलर देऊन दीक्षा घेणाऱ्या परदेशी पाहुण्यांचा धंदा उभा राहिला. गरीब बाईला मात्र दीक्षेसाठी पै-पै साठवत राहावं लागतं.

बंद दारांवर आता थापा पडताहेत. नायजेरियात बाईला इफाची दीक्षा मिळते, तिला ‘इयानिफा’ म्हणतात. सन २००० नंतर क्यूबातही काही घराण्यांनी बायकांना ती दिली, आणि वादळ उठलं. क्यूबातल्या योरुबा सांस्कृतिक संघटनेनं विरोध केला. गंमत अशी की दोन्ही बाजू परंपरेच्याच नावानं भांडतात. एक म्हणते, क्यूबात कधी झालं नाही. दुसरी म्हणते, आफ्रिकेत आहे, मूळ तिथंच आहे. ओयेरोंके ओयेवुमी या योरुबा विदुषीनं १९९७ च्या आपल्या पुस्तकात तर असं मांडलं की इंग्रज येण्यापूर्वी योरुबा समाजाची मांडणी बाई-पुरुष भेदावर नव्हतीच, ती वडीलधारेपणावर होती. त्या भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ला एकच शब्द आहे. सगळ्यांना हे मान्य नाही, मलाही पूर्ण नाही. कारण नायजेरियातल्या इयानिफालाही ‘ओदू’ या इफाच्या सर्वांत गूढ देवतेचं दर्शन घेता येत नाही. आणि ती देवता स्त्री आहे, ओरूलाची बायको.

ढोलाच्या बाबतीत बायकांनी वाद घातला नाही, मार्ग काढला. १९९३ साली हवानात ‘ओबिनी बाता’ हा फक्त बायकांचा गट उभा राहिला. ‘ओबिनी’ म्हणजे बाई. दीक्षा न दिलेले ढोल घेऊन त्या रंगमंचावर वाजवतात. देवाचे ढोल अजून पुरुषांकडेच आहेत.

एक चिठ्ठी आलीय. विचारलंय, पाळीचं काय? पाळीत बाई देवकार्यात भाग घेत नाही, भांड्यांना हात लावत नाही. ढोल आणि सुरीच्या बंदीमागेही हेच कारण देतात. आतल्या बायकांना विचारलं तर पुष्कळजणी विटाळ म्हणत नाहीत. रक्तात आशे आहे, दोन ताकदी एकमेकींवर आदळू नयेत म्हणून, असं सांगतात. ब्राँक्सच्या त्या बाईंनीही मला हेच सांगितलं होतं. मी म्हटलं, ताकद आहे तर मग तिनंच का लांब बसायचं, ढोलानं का नाही? त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, पाळी गेल्यापासून मी आता पुष्कळ गोष्टी करते, आणि कुणाला विचारत नाही.

उरलेल्या चिठ्ठ्या दुपारच्या सत्रात घेऊ.